वाळवीची चौदा पानं

पंचशीलाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पोस्टकार्डावर चारच ओळी होत्या. ‘सर, पुस्तक पाहिलं. सगळे शब्द माझ्या वह्यांतले हायेत. नाव व्यंकटरावांचं हाय. वह्या तुम्ही दिल्या, का त्यांनी घेतल्या? एवढंच कळवा.’ दोन वर्षं ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. उत्तर तीन शब्दांचं होतं. वह्या मी दिल्या.

बहात्तरच्या दुष्काळात मी देगलूरला वाचनालयात कारकून होतो. पंचशीला दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी येऊन इंग्रजी कोश मागायची. मॅट्रिकला इंग्रजीनेच तिला अडवलं होतं. तेव्हा एका साप्ताहिकात शब्दांचा खेळ यायचा. चार-पाच अक्षरं दिलेली असत. ती सगळी ज्यात येतात असे इंग्रजी शब्द शोधायचे. मी हौसेने खेळायचो आणि आठ-दहा शब्दांवर दमायचो. कारण कोश पहिल्या अक्षरावर चालतो. शब्दाच्या पोटात काय आहे ते तो सांगत नाही.

“मग पोटावरनं दुसरा कोश करावं की, सर,” ती म्हणाली.

आणि तिने केला. प्रत्येक शब्द, त्यातल्या प्रत्येक अक्षराखाली. ‘टायगर’ एवढासा शब्द, पण तो पाच ठिकाणी लिहायचा. हाताला फोड आले की पेन्सिलीला चिंधी गुंडाळायची. दोन वर्षांत तीन जाड वह्या भरल्या. तिचा एक नियम होता: कोशात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द लिहायचा नाही. आमच्या कोशाची चौदा पानं वाळवीने खाल्ली होती, ‘जॉली’पासून ‘किचन’पर्यंत.

“अगं, जज, जंप, किंग तर तुला येतात. लिही ना,” मी म्हणालो.

“येतात म्हणून लिहिलं तर उद्या चुकीचंबी लिहीन,” ती म्हणाली, आणि तेवढी जागा मोकळी सोडली.

पुढे ती मॅट्रिक झाली, नर्स होऊन भोकरला गेली. जाताना वह्या माझ्याकडे दिल्या. “कुणी छापत असलं तर बघा, सर.” लातूर जिल्हा झाला तेव्हा व्यंकटरावांनी तिथे छापखाना आणि वाचनालय काढलं. मी वह्या त्यांना नेऊन दिल्या. तिचं नाव सांगितलं, पण हळू. मी सगळंच हळू सांगतो. महिनाभरात त्यांनी मला ग्रंथपाल केलं, मागची खोली राहायला दिली. मग पुस्तक आलं. त्यावर त्यांचा फोटो होता. मी ते क्रमांक टाकून स्वतःच्या हाताने कपाटात लावलं.

गेल्या सोमवारी त्यांनी मला छापखान्यात बोलावलं. टेबलावर तिन्ही वह्या होत्या.

“अप्पा, चौथी आवृत्ती काढून राहिलो. पण उदगीरच्या एका मास्तरानं पत्र धाडलंय. म्हणतो, तुमच्या पुस्तकात जज न्हाई, किंग न्हाई, लेखक इंग्रजी शिकलाय कुठं? लई अब्रू गेली. तेवढं भोक बुजवून द्या.”

“ते तिने मुद्दाम सोडलंय.”

“कुणी?”

“पंचशीलाने. वह्या तिच्या आहेत.”

ते हसले. “हाव, ठाऊक हाय की. पण तिचं नाव टाकलं तर आपल्या लोकांतलं कोण पुस्तक हातात धरंल? तुम्ही तर शिकलेले, तुम्हीच सांगा.” मग पानाचा विडा गालात सरकवत म्हणाले, “आन् दोन वर्षं तुम्ही तरी कुठं तोंड उघडलं?”

ते खरं होतं. म्हणूनच माझं डोकं भडकलं. चोराने मला आपल्यातला धरलं होतं, आणि त्यात त्याचं काय चुकलं होतं? आता ती जागा भरायची, म्हणजे पुस्तक कुणाच्या वह्यांतून आलं याची उरलेली खूणही मीच पुसायची.

“नेतो वह्या,” मी म्हणालो.

“न्या. शनिवारपस्तोर करा.”

खोलीवर येऊन पहिली वही उघडली. ‘जे’ अक्षराखाली अर्धं पान कोरं होतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘पाने वाळवीने खाल्ली. दुसरा कोश मिळाल्यावर भरणे. पंचशीला.’ तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्या माणसाने ही ओळ पाहिली नव्हती. ज्यावर स्वतःचा फोटो छापला ते त्याने वाचलंही नव्हतं. मी एकटाच मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं निम्मं मला स्वतःलाच होतं.

पहिलं पत्र फार लांब झालं, सगळी रडगाणी. ते फाडलं. दुसरं असं:

‘पंचशीला, वह्या मी दिल्या. तुझं नाव मी हळू सांगितलं आणि नंतर गप्प बसलो. वह्या परत पाठवतो आहे. जज आणि किंग पुस्तकात का नाहीत, हे विचारशील त्या दिवशी व्यंकटरावांना सांगता येणार नाही. तुला येईल. साक्षीला मी येईन. माफी मागत नाही. मागितली तर मलाच बरं वाटेल. गुरुलिंग.’

शुक्रवारी वाचनालयाची किल्ली व्यंकटरावांच्या टेबलावर ठेवली. वह्या जुन्या धोतराच्या कापडात शिवल्या होत्या, आत पत्र होतं. पोस्टात रजिस्टरच्या खिडकीपाशी रांग होती.

“काय हाय आत?” कारकुनाने विचारलं.

“वह्या.”

“तुमच्या?”

“नाही. पंचशीलाच्या.”

माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या खिडकीपाशी उभ्या दोघांनी वळून पाहिलं. कारकुनाने पार्सल वजनकाट्यावर ठेवलं, तिकिटं लावली आणि दोनदा शिक्का मारला.