झोपायच्या खोलीवरची मोटर

घरात एक करार झाला होता. कुठलीही गोष्ट एकदाच तपासायची. गॅसचं बटण एकदा, दाराची कडी एकदा, झोपलेल्या बाळाच्या नाकासमोर बोट एकदा. करार नवऱ्याने मांडला, तिने कबूल केला आणि सासूबाई साक्षीला होत्या, म्हणजे त्यातून आता सुटका नव्हती.

"अगं, तो श्वास घेतोय, आणि घेतच राहणार आहे," नवरा म्हणाला होता. "तू बोट लावून त्याची झोप मोडतेस, मग तो रडतो, मग तुला वाटतं काहीतरी बिनसलंय."

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. बाळ झाल्यापासून तिच्या मनात पाल सतत चुकचुकत असे, इतकी की खऱ्या धोक्याची चुकचुक कुठली आणि सवयीची कुठली हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

तशातच ती कामावर परतली. काम घरचंच होतं. इमारतींमध्ये गरम आणि गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्ट टाकायच्या, त्यांच्या झडपांना मोटरी बसवायच्या. नवरा नकाशे आणि गिऱ्हाईक सांभाळायचा, धाकटे दीर म्हणजे भावजी शिडीवर चढून जोडणी करायचे, आणि वायरिंग तिच्याकडे; कॉलेजात ती तेच शिकली होती. परतल्यावर पहिलंच काम निघालं ते एका कचेरीच्या तळमजल्यावर होणाऱ्या पाळणाघराचं. सोमवारी ते उघडणार होतं. सोमवारीच तिचं बाळ तिथे जाणार होतं. झोपायच्या खोलीत खिडकीपासूनचा दुसरा पलंग त्याला ठरलाही होता, कठड्याला सशाचं चित्र चिकटवलेला.

त्या पलंगाच्या बरोबर वर छतात हवेची जाळी होती, जाळीच्या मागे डक्ट, आणि डक्टमध्ये बाहेरची ताजी हवा आत सोडणारं लोखंडी पातं. नकाशावर त्याला डॅम्पर लिहितात. भावजी झडप म्हणायचे. झडपेचा दांडा डक्टच्या बाहेर येतो, त्यावर विटेएवढी मोटर क्लॅम्पने आवळतात. वायरमधून हुकूम येईल तशी मोटर झडप उघडते, मिटते. तिच्या पोटात एक स्प्रिंगही असते. वीज असेपर्यंत स्प्रिंग मुकाट्याने ताणलेली राहते. वीज गेली की सुटते आणि झडप मिटवून टाकते. थंडीत ती मिटायलाच हवी. वीज गेली म्हणजे पंखा बंद, हवा तापवणारी नळी गार होत चाललेली. अशात झडप उघडी राहिली तर बाहेरचा गारठा सरळ खालच्या पलंगांवर उतरणार.

शनिवारी दुपारी तिने पॅनेलमधली शेवटची वायर आवळली, प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहिली (एकदाच) आणि हाक मारली, "भावजी, चालू करते हो."

"करा. वर सगळी मंडळी तयार आहे."

तिने स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. मग खेळायची खोली, मग पाळणाघराच्या बाईंचं ऑफिस, मग झोपायची खोली. उघड म्हटलं की प्रत्येक झडप संथपणे उघडली, मीट म्हटलं की मिटली. भावजी छताच्या उघड्या चौकोनातून डोकं वर काढून एकेकीची हजेरी देत होते. "उघडली. मिटली. काय गुणी आहेत हो! आमच्या घरात मला तरी कोणी इतकं ऐकणारं भेटलं नाही."

"तुम्ही हुकूम नीट देत नाही."

"दिला होता एकदा. तुमच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, आठ दिवस बोलत नव्हती." ते हसत शिडीवरून उतरले. "झालं. आता चहा."

तपासणी झाली होती, एकदा. हत्यारं पेटीत भरता भरता तिने विजेरी विझवायला उचलली आणि तिचा झोत उगीचच छतातून फिरला. स्प्रिंग कुठल्या बाजूला फिरेल ते कळावं म्हणून मोटरीच्या एका अंगावर एल आणि दुसऱ्यावर आर छापलेलं असतं. खेळायच्या खोलीवरच्या मोटरीवर ठसठशीत एल हे अक्षर दिसलं. पलीकडच्या मोटरीवरही एल. झोपायच्या खोलीवरच्या मोटरीवर आर.

तिने विजेरी विझवली. पेटीचं झाकण लावलं. मग ते पुन्हा उघडलं.

सगळ्या झडपा नीट चालल्या होत्या. तिने पाहिलं होतं, भावजींनी पाहिलं होतं. ही खरी शंका, की जुनीच काळजी नवा वेश घालून आली आहे? जिथे बाळ झोपणार तीच खोली बरी सापडली शंकेला! बाकीच्या तीन खोल्यांबद्दल मन कसं निवांत होतं.

"भावजी, या एकाच मोटरीची पाठ इकडे का आहे?"

"कुठली? ती होय." भावजींनी थर्मासचं झाकण पिळून काढलं. "तिथे तुळई आडवी येते. सरळ लावली की वायरचं तोंड तुळईवर आपटतं. म्हणून उलटी केली."

"मग ती उलटी फिरली असेल."

"फिरलीच ना! मिटलेल्या झडपेवर आवळली तर फिरेचना बया, नुसती कण्हत बसली. मग झडप उघडी धरून क्लॅम्प आवळला, आणि पोटाखालचं दिशेचं बटण पलटवलं. झाली सुतासारखी सरळ. बघितलीत ना आत्ता?" त्यांनी कप पुढे केला. "तुम्ही रजेवर होता तेव्हा आम्ही असेच उद्योग करत होतो."

तिने कप घेतला, पण ओठांना लावला नाही.

"उघडी धरून," ती म्हणाली.

"हो."

"बाकीच्या कशा आवळल्या?"

"मिटलेल्या धरून. नेहमीसारख्या."

"मग वीज गेल्यावर ही काय करेल?"

"स्प्रिंग सुटेल, आणि..." भावजी थांबले. त्यांच्या स्वतःच्या कपातली वाफ चष्म्यावर चढली आणि त्यांनी ती पुसली नाही. "नाही नाही. बटण पलटवलंय ना मी."

"बटण मोटरीला कळतं. स्प्रिंगला कुठे बटण आहे? आवळलीत त्याच जागी ती झडप परत नेणार."

"वहिनी, आत्ता बघितलंय आपण. एकदा."

तो 'एकदा' त्यांनी मुद्दाम म्हटला नव्हता, पण करार घरात सगळ्यांना ठाऊक होता. तिचा चेहरा तापला. नको म्हणावं, चहा प्यावा, घरी जावं, असं तिला फार वाटलं. रात्री नवरा विचारेल, आज किती वेळा? आणि एकदाच, असं सांगता येईल. सोमवारी ती बाळाला सशाच्या पलंगावर ठेवील, आणि मग वीज कधी जाईल याची वाट बघत पॅनेलच्या आसपास घुटमळत बसेल. तसं बसण्यापेक्षा आताच काय ते होऊन जाऊ दे.

"आपण वीज असताना बघितलं," ती म्हणाली. "वीज गेल्यावरचं एकदाही बघितलेलं नाही."

भावजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग कप खिडकीत ठेवला आणि शिडी चढले.

तिने चारही झडपा उघडल्या आणि पॅनेलचं मुख्य बटण खाली पाडलं. छतात एकाच वेळी कुर्र आवाज झाला. मोटरीच्या संथ घरघरीपेक्षा तो घाईचा होता. "स्वयंपाकघर, खेळायची खोली, ऑफिस, मिटल्या," भावजी म्हणाले.

"झोपायची?" तिने खालून विचारलं.

वर शिडी करकरली.

"भावजी?"

"हललीच नाही," भावजी म्हणाले. "सताड उघडी आहे." मग म्हणाले, "हात बधिर होईल इतकं गार येतंय हो इथे."

पाळणाघराच्या बाई पडदे लावायला आल्या होत्या. त्यांनी दारातून डोकावून विचारलं, "काही बिघडलंय का?"

"नाही बाई, बिघडण्याआधीच सापडलंय," वरून भावजी म्हणाले. "वहिनींच्या हवाली आहे इमारत. तुम्ही पडदे लावा निवांत."

बाई गेल्या. भावजी खाली उतरले, शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि चष्मा पुसू लागले. आपण जिंकलो असं तिला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मनाच्या एवढ्या शेकडो खोट्या हाकांतली ही एक खरी निघाली होती, आणि पुढची कुठली खरी असेल ते तिला अजूनही ओळखता येणार नव्हतं.

"मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं ना," भावजी म्हणाले, "की अमक्याने बटण पलटवून स्प्रिंगला गंडवायला बघितलं, तर मी महिनाभर त्याची टर उडवली असती."

"मी उडवीनच."

"घरी?"

"घरी नाही. शिडीपुरतं."

"मग चालेल."

तुळई काही हलणार नव्हती. मोटर तर सरळच लावायला हवी होती. दोघांनी ती हातात धरून निरनिराळ्या अंगांनी फिरवून पाहिली. शेवटी दांड्यावर ती उभी न बसवता खाली लोंबती ठेवली, तेव्हा वायरचं तोंड तुळईच्या खालून मोकळं निघालं. मोटर जागची फिरू नये म्हणून लावायच्या पट्टीसाठी डक्टला नवी भोकं पाडावी लागली, छताची एक चौकट सरकवावी लागली. भावजींनी या वेळी झडप मिटलेली धरली, तिला ती दाखवली आणि मगच क्लॅम्प आवळला. बटण होतं तसं केलं. तिने वायर परत जोडली, वीज चालू करून झडप उघडली आणि मुख्य बटण पाडलं. कुर्र झालं, आणि झडप मिटली.

"परत एकदा बघायचं?" भावजींनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

तिचा हात बटणावरच होता.

"नको," ती म्हणाली. चहा एव्हाना गार झाला होता. तसाच प्यायली.

रात्री नवऱ्याने विचारलं, "मग, आज किती वेळा?"

"कामावर तीनदा."

"म्हणजे करार मोडला."

"एकदा वीज असताना, एकदा नसताना, एकदा दुरुस्तीनंतर," ती म्हणाली. "त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भावजींना विचार."

भावजी ताटात मान घालून म्हणाले, "वेगळ्या आहेत दादा. फारच वेगळ्या."

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि साक्ष संपल्यासारखी भावजींच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

सोमवारी सकाळी ती बाळाला घेऊन पाळणाघरात गेली तेव्हा बाहेर गोठलेल्या दवाने गवत पांढरं झालं होतं. बाईंखेरीज अजून कोणी आलं नव्हतं. दारात मात्र भावजींचे बूट होते. आज इथे त्यांचं काहीच काम नव्हतं.

तिने बाळाचं कानटोपडं सोडलं, मोजे सारखे केले आणि त्याला सशाच्या पलंगावर ठेवलं. ते जाळीकडे टक लावून बघू लागलं. तेवढ्यात छतात कुर्र झालं, आणि जाळीतून चेहऱ्यावर येणारी ऊबदार झुळूक थांबली. दिवे चालूच होते. म्हणजे कोणीतरी नुसतं पॅनेलचं बटण पाडलं होतं. तिने जाळीखाली हात उंचावला. गार काहीच आलं नाही. थोड्या वेळाने पंखा घुमला आणि झुळूक परत सुरू झाली.

भावजी हात झटकत दाराशी आले. ती इतक्या लवकर आली असेल हे त्यांना माहीत नव्हतं.

"बूट विसरलो होतो इथे," ते म्हणाले.

"पायात काय आहे मग?"

त्यांनी खाली पाहिलं. पायांत नुसते मोजे होते. बूट दारात.

"हो, तेच," ते म्हणाले, आणि बूट घालायला वाकले.

बाळाने पाय झाडून एक मोजा काढून टाकला होता. तिने तो पुन्हा चढवला आणि बोट त्याच्या नाकासमोर नेलं. मग ते मागे घेऊन त्याच्या गालाला लावलं, आणि ती कामाला निघाली.