दोन हात सफेदा

संमेलनाला तीन दिवस उरले होते. सौंसरच्या त्या मुलींच्या शाळेत रंगवायला दुसरी खोली नव्हती, म्हणून प्रयोगशाळेतले स्पिरिटचे दिवे बाजूला सारून हिरामणने आपली पत्र्याची पेटी बाकावर उघडली होती. हिरामण पांढुर्ण्याचा. खडी गंमत या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात तीस वर्षं बाईचं सोंग घेऊन नाचलेला माणूस. आता गुडघे साथ देत नव्हते, तेव्हा आसपासच्या शाळांमधून पोरी रंगवायला जाई.

स्टुलावर नववीतली यमुना डोळे मिटून बसली होती. अर्धा चेहरा सफेद्यानं पांढरा झाला होता, अर्धा तिचा स्वतःचा होता.

"मान वर कर वं. नाकाचा शेंडा राहिला तर राधा कावळ्यानं टोचलेली दिसन."

"काका, श्वास तरी घेऊ का?"

"राधा श्वास घेत नाई, पोरी. राधा लाजते."

भोवतालच्या पोरी खिदळल्या. दाराशी उभी असलेली मंगला मात्र हसली नाही.

मंगला शाळेतली विज्ञानाची बहनजी. तिगावच्या रेल्वे गँगमनची मुलगी, बी.एस्सी. होऊन नोकरीला लागलेली. पण नोकरी वर्षाच्या बोलीवर होती. कायम करण्याचा ठराव संमेलनानंतरच्या सोमवारी संस्थेच्या बैठकीत यायचा होता आणि तो मांडणार होते हेडमास्तर प्रभाकरराव, सगळ्यांचे मोठे सर. नाच बसवायचं कामही त्यांनीच तिच्या गळ्यात घातलं होतं. तिनं जन्मात कधी ठेका धरला नव्हता, तरी "तुम्ही लेडीज आहात, जमेल," एवढं बोलून ते मोकळे झाले. नाच खरा बसवला तो यमुनेनं. राधा-किसनाचा नाच, आठ मुलींचा.

राधा यमुनेनं व्हावं असं मंगलानं सुचवलं तेव्हा सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला होता.

"करा राधा. पण दोन हात सफेदा मारून. नाहीतर भिवाजींची जयवंता राधा, अन् यमुना किसन. छिंदवाड्याहून शिक्षण खात्याचे साहेब येऊन राहिले बहनजी, शाळेची शोभा पाहायची असते."

मंगलानं होकारार्थी मान हलवली होती. त्या मान हलवण्याचा तिला स्वतःचा राग होता, पण सोमवार जवळ आला होता.

"तुम्हीसुद्धा एवढाच थर लावत होता, हिरामणजी?" आता तिनं दारातून विचारलं.

"याच्याऊन जादा जी. मी बाई झालो का लोकायले बाई गोरीच पायजे. काळी बाई त्यायच्या घरीच असते न, ते पाहाले रातभर काऊन बसतीन?"

तो तोंडभर हसला आणि मंगलाला त्याच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी निळसर करडी रेघ होती, पेन्सिलीनं ओढावी तशी. तेवढ्यात कुंचला त्याच्या बोटांतून निसटला. त्यानं उचलायला हात पुढे केला, पण मनगट वर होईना. त्यानं दुसऱ्या हातानं ते उचलून धरलं.

"वय झालं," तो म्हणाला.

मंगलाला वय दिसलं नाही. तिला पुस्तकातलं एक पान दिसलं. तिनं सफेद्याच्या डब्यातली चिमूटभर पूड कागदात घेतली, यमुनेला तोंड धुवायला पाठवलं आणि बाकीच्या पोरींनाही घरी जायला सांगितलं.

पूड तिनं विरल नायट्रिक आम्लात गरम करून विरघळवली. किपच्या उपकरणातला हायड्रोजन सल्फाइड वायू नळीतून सोडला. खोलीभर कुजक्या अंड्यांचा वास पसरला आणि परीक्षानळीतलं नितळ पाणी तिच्या डोळ्यांदेखत काळं झालं. सफेदा निर्धोक जस्ताचा असता तर पाणी काळं पडलं नसतं. हे शिसं होतं. तिनं पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा काळंच.

हिरामण खिडकीशी नाक दाबून उभा होता.

"हे विष आहे, हिरामणजी. तुमचा हात यानंच गेला. हा डबा आता कोणालाच लावायचा नाही. तुम्ही नागपूरला, मोठ्या दवाखान्यात जा."

तो नळीकडे पाहत राहिला. "तीस वरसं लावलं जी," इतकंच म्हणाला.

मंगलाला त्याचं वाईट वाटलं, पण मनात दुसरीही एक गोष्ट उजळली होती आणि तिची तिला लाज वाटली. वाट सापडली होती. रंगच लावायचा नाही म्हटल्यावर यमुना आहे तशी उभी राहील, आणि सरांशी भांडावंही लागणार नाही. भांडण विज्ञानच करील.

नळी घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं वेळेवर सांगितलं. पोरीयच्या तब्येतीशी खेळ नको. सफेदा बंद." त्यांनी कार्यक्रमपत्रिका ओढली आणि दोन नावांवर बाण काढून त्यांची अदलाबदल केली. "मग जयवंता राधा. यमुना किसन. तिले रंगाची गरजच नाही. सोपं झालं, नाही?"

मंगला नळी हातात धरून उभी राहिली.

यमुनेला तिनं दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गाठून सांगितलं. पोरीनं रडावं, चिडावं, अशी तिची तयारी होती. यमुना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मले दरसाली धोतरच नेसवता. सहावीत शिपाई केलं, सातवीत चोर, आठवीत भिल्ल. आता किसन."

"रंगात जहर होतं गं. मी सरांना सांगितलं."

"जहर सांगितलं तुमी, बहनजी. राधा म्हणून मी अशीच चालते, हे नाई सांगितलं."

ती वर्गात गेली. मंगलाला तिथंच उभं राहावंसं वाटेना आणि हलावंसंही वाटेना.

त्या दिवशीच्या तालमीत जयवंता राधा झाली आणि चार वेळा चुकली. पाचव्यांदा ती मध्येच थांबून म्हणाली, "बहनजी, मले किसनच राहू द्या ना. हे लाजणं मले जमत नाई, अन् यमुनेपुढं तर हसूच येते." पोरी हसल्या. यमुना हसली नाही.

संमेलनाच्या दिवशी दुपारी चारला मांडव भरला. पुढच्या खुर्च्यांवर छिंदवाड्याचे साहेब, संस्थेचे लोक, फेटा बांधलेले जयवंताचे वडील भिवाजी. मंगलानं प्रयोगशाळेचं दार आतून लावलं आणि मुलींना नेसवायला घेतलं. राधेचं हिरवं नऊवारी तिनं यमुनेपुढं धरलं.

"नेस."

"सर?"

"सरांचं मी पाहीन."

जयवंतानं आपणहून मोरपिसाचा मुकुट डोक्यावर चढवला.

पडद्याआड मुली रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा सर आले. त्यांची नजर रांगेवरून फिरली आणि यमुनेवर थांबली.

"हे काय आहे?"

"राधा आहे, सर."

त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही आपल्याच जातीतली, आपल्या मोहल्ल्यातली पोरगी समोर उभी केली, असं म्हणतील लोक. मी नाही म्हणत, लोक म्हणतील. बदला लवकर."

"नाही बदलत."

"सोमवारी ठराव आहे, बहनजी."

"मला माहीत आहे."

"मग मी पडदाच उघडू देत नाही."

मंगला पडद्याच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली. मागं आठ पोरी श्वास रोखून ऐकत होत्या. "नका उघडू, सर. पण साहेबांपुढं जाऊन तुम्हीच सांगा, नाच का नाही ते. यमुना काळी आहे म्हणून नाही, असं माइकवर सांगा. मी इथं उभी राहून ऐकते."

बाहेर पेटीवाल्यानं सूर धरला होता, लोक टाळ्या पिटू लागले होते. सरांनी एकदा माइककडं पाहिलं, एकदा मुलींकडं. मग धोतराचा सोगा सावरत जिना उतरून ते आपल्या खुर्चीकडं गेले. मंगलानं स्वतः दोरी ओढली.

पहिल्या गिरकीला मागून कोणीतरी ओरडलं, "ए, राधेला उन्हात विसरले का रे?" हशा पिकला. यमुनेचा पाय एक मात्रा चुकला. जयवंता किसनाची बासरी ओठाला लावून तिच्यापाशी सरकली, कुजबुजून काहीतरी बोलली आणि यमुनेला नाचता नाचता खरंच हसू फुटलं. तिनं पुढचा ठेका बरोबर उचलला. मग ती थांबली नाही. मागचा आवाज आणखी दोनदा आला, पण दोन्ही वेळा एकट्याचाच. शेवटी टाळ्या झाल्या. फार नाहीत, कमीही नाहीत. भिवाजींनी वाजवल्या नाहीत.

सोमवारी सकाळी बैठक झाली आणि मधल्या सुट्टीनंतर शिपाई शालिकराम आवक-जावकाची वही आणि एक पाकीट घेऊन प्रयोगशाळेत आला. मंगला नववीला क्षार शिकवत होती. तिनं वर्गासमोरच पाकीट फोडलं. नियुक्ती एकतीस मार्चला संपेल. काम समाधानकारक आढळले नाही. दोनच ओळी होत्या.

पहिल्या बाकावरून यमुना पाहत होती. मंगलानं चेहरा स्थिर ठेवला. वडिलांना काय सांगायचं, मार्चनंतर काय करायचं, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"सही करा जी, बहनजी," शालिकराम खाली पाहत म्हणाला. "मी तर फक्त आणून राहिलो."

"तुमच्यावर राग नाही, शालिकरामजी."

तिनं सही केली. वही परत न देता पेन पुन्हा टेकवलं आणि सहीखाली, रकान्याबाहेर जाऊन, स्वच्छ अक्षरात लिहिलं : कोणते काम समाधानकारक नव्हते, ते नाव घेऊन लेखी कळवावे.

"असं लिहिता येते का जी यात?" शालिकराम घाबरला.

"लिहिलं ना. न्या."

तो गेला. मंगला फळ्याकडं वळली.