परवाचं शब्दकोडं

वर्तमानपत्रातलं रोजचं शब्दकोडं मी रचते. धाकटा भाऊ ते सोडवतो आणि त्यातलं प्रत्येक उत्तर आपल्यासाठीच आहे असं धरून चालतो. लहानपणी आम्ही समुद्री चाच्यांच्या गोष्टींची पारायणं केली होती. त्यातल्या खजिन्याच्या वाटेशी तो माझे शब्द जुळवतो.

आज दुपारी ऑफिसात त्याचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

"ताई, गच्चीच्या कठड्यावर चढलोय. आडवा शब्द 'शीड', उभा शब्द 'झेप'. कळलं बरं का मला!"

मी खुर्चीतून उठलेच. "अरे वेड्या, चौकोनांत बसले म्हणून घातले ते!"

"हो हो, फोनवर असंच बोलायचं असतं. शत्रू ऐकतोय ना!" तो हसला.

खरं सांगून तो उतरणार नव्हता. मी आवाज कसाबसा सावरला. "उद्याच्या कोड्यात 'नांगर' आहे. कप्तानानं खाली खोलीत थांबायचंय."

वाऱ्याचा आवाज मागे पडला. मग जिन्यावर पावलं वाजली, दाराची कडी लागली.

"थांबलो," तो म्हणाला. "आणि परवा?"

परवाचे चौकोन माझ्यापुढे कोरे होते. एकही अक्षर लिहायचा धीर होईना.