जुनेर

भुईगावच्या धर्मादादांनी लेकीच्या बाळंतपणाची बॅग भरायला घेतली आणि सगळ्या आळीची फुकटात करमणूक झाली. बॅग चांगली चाकांची, जावयाने आणून दिलेली. तीत दादांनी थर्मास, टॉर्च, सुतळीचं बंडल, घरच्या खोबरेल तेलाची बाटली, पेजेचे तांदूळ आणि सोललेले नारळ भरले. तेजस्वीने नारळ काढून ठेवले की तासाभराने ते पुन्हा बॅगेत. परत काढले, परत आत. दादांचा चेहरा असा साळसूद, की नारळ स्वतःच्या पायांनी चढून बसतात असं कुणालाही वाटलं असतं.

"बाबा, हॉस्पिटलात नारळ फोडणार कोण?"

"मी हाय ना."

"आणि ही सुतळी?"

"लागते," दादा म्हणाले. हॉस्पिटलने काय काय आणायचं ते तेजस्वीच्या फोनवर पाठवलं होतं, त्यात सुतळीचं नाव नव्हतं. पण तेजस्वीच्या जन्माच्या वेळी ऐन वेळेला सुतळी लागली होती आणि मिळाली नव्हती, हे दादांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

तेव्हाची तऱ्हाच वेगळी. फोन केला आणि दारात रिक्षा आली, असं नव्हतं. दादांची बायको सत्यवती बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणजे दोन वाड्या सोडून पलीकडे. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा बांधावर केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो बाजाराला निघायच्या तयारीत होता. तिला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं आणि दादा मागे केळ्यांत. मागचं फळकुट धड लागत नव्हतं आणि बांधायला सुतळी नव्हती, म्हणून पापडीच्या दवाखान्यापर्यंत एका हाताने ते फळकुट धरून आणि दुसऱ्या हाताने सत्यवतीचं गाठोडं छातीशी घेऊन ते गेले. खड्डा आला की ती पुढून ओरडायची, "गाठोडं पडलं नाय ना?" स्वतःचं तिला काही नव्हतं, गाठोड्याची काळजी.

आणि त्या गाठोड्यात होतं काय? तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची बाळोती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. एक दुपटं. एक तांब्या. एवढाच संसार घेऊन तेजस्वी जगात आली. लेकीचं पहिलं मूल तिच्या आईच्या जुनेरावर निजायचं, ही त्या घरातली रीत. नव्या कापडाला खळ असते, ती तान्ह्या अंगाला बोचते. म्हणून साडी विरत चालली की सत्यवती ती नेसणं सोडायची आणि म्हणायची, "आता ही तेजूच्या पोराची." तेव्हा तेजू शाळेत होती आणि या बोलण्याने भयंकर चिडायची.

ती सत्यवती आता नव्हती. चार दिवसांच्या तापाने गेली, त्याला दोन पावसाळे झाले.

तेजस्वीचं सासर विरारला, सोसायटीतला फ्लॅट. सासू वसुंधराताई बँकेतून रिटायर झालेल्या, मनाने चांगल्या आणि बोलायला सरळसोट. पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांनाही मान्य होतं. पण माहेरी आईच नाही तर जायचं कुणाच्या भरवशावर, असं त्या म्हणत होत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. घरात एकटे दादा. त्यांना चहा करता येत होता आणि भात. "तुझे बाबा प्रेमळ आहेत, मला माहीत आहे," वसुंधराताई म्हणाल्या होत्या, "पण बाळंतिणीचं करायचं म्हणजे काय, ते त्यांना कोण सांगणार?" तरी तेजस्वी हट्टाने आली. रविवारी आम्ही येऊ, तेव्हा काय ते ठरवू, असं बोलणं झालं होतं.

हट्टामागे एक कारण होतं. आल्या दिवशीच तिने ते सांगितलं.

"बाबा, आईची पेटी उघडू या ना. बाळाला तिच्या साड्या लागतील."

"बघू," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही बघू. तिसऱ्या दिवशी त्यांना एकाएकी नारळाच्या झावळ्या आठवल्या आणि ते वाडीत गेले ते दुपारपर्यंत आलेच नाहीत.

त्या पेटीबद्दल सगळ्या भुईगावाला ठाऊक होतं. सत्यवतीचं तेरावं झालं तेव्हा भावकीतल्या बायका रिवाजाप्रमाणे तिच्या साड्या वाटून घ्यायला आल्या. दादा आतल्या खोलीत गेले आणि पत्र्याच्या पेटीवर जाऊन बसले. नुसते बसले. बायका दारात उभ्या, हे पेटीवर. कुणी समजावलं, कुणी रागावलं, एका काकींनी तर दंडाला धरून उठवायला पाहिलं. दादा हलले नाहीत. संध्याकाळी सगळ्या आपापल्या घरी गेल्यावर ते उठले, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. ती अजून तिथेच होती. एकेक साडी कुणाच्या तरी अंगावर जाईल, आणि मग सत्यवती खरोखरच संपली असं होईल, एवढंच त्यांना त्या दिवशी कळत होतं. आता लेक त्याच साड्या फाडायला मागत होती.

शनिवारी सकाळी दादा पापडीच्या बाजारात गेले आणि बाळाच्या कपड्यांचं अर्धं दुकान घेऊन आले. दुकानदाराने जे जे दाखवलं ते ते त्यांनी घेतलं. टोपडी, पायमोजे, हातमोजे, बदकं काढलेली गोधडी, डायपरची भली मोठी थप्पी. सगळं त्यांनी तेजस्वीपुढे मांडलं आणि परीक्षेला बसल्यासारखे समोर उभे राहिले.

तेजस्वीने एक दुपटं हातात घेतलं, गालाला लावून पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. मग तिने सगळं नीट घडी करून बॅगेत भरलं. नारळही काढले नाहीत. दादांना तिथेच शंका यायला हवी होती.

थोड्या वेळाने ते मागल्या दाराशी पाय धूत होते तेव्हा तिचं सासूशी चाललेलं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर आलं. "हो मम्मी. उद्या येते मी तुमच्याबरोबर. नाही, बाबा काही बोलले नाहीत, मलाच वाटतंय. इथे आता तसं काही राहिलं नाही." वाक्य साधं होतं, पण दादांच्या पायावर ओतायचं पाणी तांब्यातच थांबलं. लेक जाणार याचं दुःख होतंच. इथे काही राहिलं नाही, हे जास्त लागलं.

शेजारच्या रेजिनाबाय कुंपणापलीकडे मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या. सत्यवतीची आणि त्यांची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्री. तेजस्वीला पहिलं झबलं घातलं ते त्यांच्याच मुलाचं. दादांचा चेहरा बघून त्यांनी टोपली खाली ठेवली.

"चालली काय पोरगी?"

"उद्या."

"पेटी नाही उघडली तुम्ही."

दादा तांब्यातलं उरलेलं पाणी पायावर ओतू लागले.

"धर्मादादा, सत्यवतीला काय पेटीत भरून ठेवलीय तुम्ही?" रेजिनाबाय म्हणाल्या. "माझी मैत्रीण होती ती. कोणी काही मागितलं आणि तिने नाही म्हटलं, असं मी एकदा पण बघितलं नाही. लेकीला तर नाहीच नाही." एवढं बोलून त्या पुन्हा कळ्या खुडायला लागल्या. ज्यांना आपण बरोबर आहोत हे ठाऊक असतं, ती माणसं फार वेळ भांडत नाहीत.

रविवारी सकाळी दादांनी आंघोळ केली, करगोट्याची किल्ली सोडली आणि तेजस्वीला हाक मारली. कुलूप गंजलेलं, तेलाचं बोट लावल्यावर उघडलं. सगळ्यात वर जांभळी साडी होती, रेजिनाबायच्या मुलाच्या लग्नाला नेसलेली. त्या लग्नात सत्यवती बँडच्या पुढे नाचली होती आणि घरी आल्यावर तिने दादांना बजावलं होतं, गावात कुणाला सांगू नका, जसा काही गावाने पाहिलाच नव्हता तो नाच. दादांना आताही हसू आलं. त्यांनी साडी दोन्ही हातांनी उचलली.

काठ हातात आले. साडी खालीच राहिली.

पेटीचा तळ गंजून सडला होता आणि जमिनीतली वाळवी त्यातून वर चढली होती. तिने खालून सुरुवात करून घडीघडीने सगळं खाल्लं होतं. जे तिने सोडलं होतं त्यावर ओलीने काळी बुरशी धरली होती. गौरीच्या सणाची हिरवी, तेजस्वीच्या लग्नातली मोरपंखी, हात लावला की चुरा. त्या दिवशी आलेल्या बायकांनी नेल्या असत्या तर आज वाडीत, बाजारात, देवळात, कुणाच्या ना कुणाच्या अंगावर या साड्या दिसल्या असत्या. दादांनी त्या जिवापाड जपल्या आणि मातीत घातल्या. बायको आपल्या हातून दुसऱ्यांदा गेली, असं त्यांना वाटलं, आणि या खेपेला दोष द्यायला तापही नव्हता.

"जाऊ द्या बाबा," तेजस्वी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती समजूतदार पोर. "तुम्ही नवीन कपडे आणलेत ना. पुष्कळ आहेत."

तिने आकांत केला असता तर दादांना सोसलं असतं. ही समजूत सोसवेना. ते उठून बाहेर ओट्यावर गेले आणि आपल्या खाटेवरची उशी घेऊन आले. तेजस्वी बघत राहिली. त्यांनी अभ्र्याची गाठ सोडली आणि आतून कापसाऐवजी एक घडी केलेली साडी बाहेर काढली.

फिकट निळी, रोजच्या कामाची. पदरावर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कशानेही जात नाहीत. ताप आला त्या दिवशी सत्यवतीने धुऊन दोरीवर टाकलेली साडी ती. पुढच्या गडबडीत ती दोरीवरच राहून गेली, म्हणून पेटीतून वाचली.

तेजस्वीने साडी तोंडाशी नेली. आईचा वास तीत नव्हता. उन्हाचा होता, साबणाचा होता.

"ही रोज उशाला घेता तुम्ही?"

दादांनी मान हलवली.

"मग ही नको. ही तुम्हाला राहू दे, बाबा."

"मला कशाला? मी काय तान्हा हाय?" दादा म्हणाले. आणि ती पुन्हा नको म्हणायच्या आत, की स्वतःचंच मन बदलायच्या आत, त्यांनी साडीचा काठ दातात धरून तोडला आणि दोन्ही हातांनी साडी फाडली. आवाज फार झाला नाही. विरलेलं कापड मुकाट्याने फाटतं. दोघं जमिनीवर बसली, एक टोक त्यांनी धरलं, दुसरं तिने, आणि पदरावरचा चिकाचा डाग एका तुकड्यात अखंड राहील असं बघून ती फाडत गेली.

अशात दारात गाडी थांबली. जावई कौस्तुभ गाडी वळवायला गेला आणि वसुंधराताई ओटा चढून आत आल्या. उघडी पेटी, तिच्याशेजारी चुऱ्याचा ढीग आणि मध्ये बसलेली बापलेक पाहून त्या दारातच थांबल्या.

"हे काय चाललंय?"

"बाळोती," तेजस्वी म्हणाली. "आईची ही एकच साडी राहिली, बाबांच्या उशीत होती. मम्मी, मी नाही येत. इथेच राहते."

वसुंधराताईंनी एक तुकडा उचलून बोटांत चोळला. कापड खरोखरच फार मऊ होतं, आणि ते कबूल न करण्याइतक्या त्या हटवादी नव्हत्या. पण व्यवहार तो व्यवहार.

"तेजूचे बाबा, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "बाळोत्यांचा दिवसाला ढीग पडतो. ते धुणार कोण? बाळंतिणीला तर पाण्यात हात घालू द्यायचा नाही."

"मी धुनार. सवय हाय मला," दादा म्हणाले. "हीच धुतोय ना, दर आयतवारी. साबन जास्ती झाला तर कापूड ताठरतं, म्हनून दोन पान्यांतून काढतो. वाळत घालताना उलटी घालायची, नायतर ऊन रंग खातं."

"ही साडी? ही तर तुमच्या उशीत होती म्हणता," वसुंधराताईंना काही उमगेना. "कुणी नेसत नाही, काही नाही. उशीतली साडी दर रविवारी कशाला धुवायची?"

दादांनी हातातल्या तुकड्याची घडी केली, ती उलगडली, परत केली.

"भिजते," ते म्हणाले.

तेजस्वीने तोंडाला पदर लावला. आई गेली तेव्हा सगळ्यांना सावरणारी ही पोर, आता तिला हुंदका आवरेना. दादा कावरेबावरे होऊन, तिला असं रडू द्यायचं की नाही, हे विचारल्यासारखे विहीणबाईंकडे बघायला लागले.

 वसुंधराताईंनी पर्स बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि राहिलेल्या साडीचं मोकळं टोक हातात घेतलं.

"एवढे मोठे तुकडे नका करू," त्या म्हणाल्या. "बाळ केवढंसं असणार. धरा तिकडून."