आत्याचा म्हातारा मस

जानकीआत्याच्या मानेवरचा मस घोड्याचा केस बांधून पाडायचा, ही उत्तराचीच आयडिया. जुहू चौपाटीवरच्या घोडेवाल्याकडून तिने शेपटीचा लांबच्या लांब केस आणला आणि असा करकचून बांधला की आत्या कळवळली.

"जीव घेतंस की काय गो माझो?"

"दोन दिवसांत गळून पडेल, बघच तू!"

गळून पडतोय कसला! चौथ्या दिवशी मस काळाठिक्कर पडला, रक्त यायला लागलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात उत्तरा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कॅन्सरचा तक्ता रंगवत होती. 'मस काळा पडणे, रक्त येणे' हे लक्षण तिने लाल रंगात लिहिलं आणि ब्रश तसाच हातात राहिला.

अंधेरी स्टेशनजवळच्या डॉक्टर सुलक्षणाबाईंनी मस कापून तपासायला पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांनी. तेवढे दिवस उत्तराला बटाटेवडासुद्धा गोड लागला नाही.

"आधी सांगा, केस कोणी बांधला होता?" रिपोर्ट हातात धरून डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मीच बांधलंय," आत्या पटकन म्हणाली.

"खोटं! मी बांधला." उत्तरा उभीच राहिली. "कॅन्सर असेल तर तो माझ्यामुळे झालाय."

"बस खाली. कॅन्सरबिन्सर काही नाही, साधा मस आहे. काळा पडला, कारण तू त्याचा गळा आवळलास."

उत्तराने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. डोळे पुसता पुसता तिचं सुरूच, "पण पेशीतलं वाढीचं जनुक बिघडलं की कॅन्सर होतो ना? तक्त्यात लिहिलंय मी."

"ते एकटं बिघडून भागत नाही गं. 'वाढ, वाढ' म्हणून ते मागे लागतं, पण पेशी मोजक्याच वेळा विभागते, म्हातारी होते आणि बसते जागच्या जागी. ते थांबणंही बिघडलं, तर खरा धोका. मसातल्या पेशी अशाच बसून राहिलेल्या असाव्यात, असा आपला माझा अंदाज. अजून सगळं कुठे कळलंय?"

"म्हणजे म्हातारपणानच वाचवल्यान माका!" आत्या हसत सुटली.

संध्याकाळी तक्त्यावर उरलेल्या जागेत उत्तराने ठळक अक्षरांत लिहिलं : 'मसाभोवती घोड्याचा केस बांधू नये.'

"खाली माझां नाव घाल गो," मानेवरची पट्टी चाचपत आत्या म्हणाली. "मान माझी होती."