पैकीच्या पैकी

दहावीच्या विज्ञान प्रात्यक्षिकात जयाला पैकीच्या पैकी गुण होते. मलाही होते. दिग्रसच्या आमच्या शाळेत सगळ्यांनाच मिळायचे, प्रात्यक्षिकाच्या दिवशी मामाच्या लग्नाला गेलेल्या बंटीलाही मिळाले. सर म्हणायचे, "गरिबाची लेकरं हायेत, त्यायचं कायले नुकसान करावं?" आग लागो त्या दयेला.

प्रयोगशाळा होती, पण कायम कुलपात. सामान फुटलं तर भरून कोण देणार? तपासणीचे साहेब येणार असले की तेवढी उघडायची. जया हुशार, म्हणून परीक्षानळी धरून उभं राहायचा मान तिचा. आतलं निळं पाणी सरांनी आधीच भरलेलं असायचं. ती पाठ केलेलं घडाघडा म्हणायची आणि साहेब खूश होऊन चहाला जायचे.

तिच्या बंजारा तांड्यातून अकरावी सायन्सला यवतमाळला गेलेली पहिली पोरगी जयाच. तिला लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. त्यासाठी आई रुपीबाई घरात भांडली. वडील, धरमसिंगकाका, एवढंच म्हणाले, "दिवाळीपावतर पाहू. नाही जमलं त चाल आमच्यासंगं ऊस तोडाले."

मला अब्बांनी यवतमाळला पाठवलं नाही. मी इथेच आर्ट्स घेतलं आणि जयाचा हेवा करत बसले.

तिकडे पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी बर्नर पेटवायला सांगितला. जयानं आधी गॅस सोडला, मग काडेपेटी शोधत राहिली. मॅडमनी धावत येऊन गॅस बंद केला.

"दहावीत काय केलंस मग?"

"नळी धरून उभी राहत होती," जया म्हणाली.

वर्ग पोट धरून हसला. त्यानंतर ती प्रॅक्टिकलला मागे उभी राहायची, मग जाईचनाशी झाली. सहामाहीत नापास झाली.

दिवाळीत मी तांड्यावर गेले, तेव्हा ती बोचकं बांधत होती. माझं टाळकंच सरकलं.

"अवं, तुले कोणी शिकवलंच नाही. तुह्या काय दोष?"

"तसं नाही, गझाला. आपल्यासारख्यायच्या डोक्यात सायन्स नसतेच."

मी तिथेच रडायला लागले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला ते पटलं होतं.