अंगठ्याची जागा

नवरा गिटारी घडवायचा आणि ती त्यांना म्हातारं करायची. किल्ल्यांचा जुडगा, काचकागद आणि चिकाटी एवढ्यावर कोऱ्या लाकडावर चाळीस वर्षांची झीज ती पंधरवड्यात उतरवायची. "लोकांच्या बायका जुन्याचं नवं मागतात, माझी नव्याचं जुनं करते," हा विनोद नवरा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

नर्सबाईंनाही ऐकवलाच. त्यांनी वारलेल्या वडिलांची इलेक्ट्रिक गिटार आणली होती. गिटार एक आणि भावंडं दोन, म्हणून हुबेहूब दुसरी हवी होती.

"हे नीट बघा हं ताई," तारांच्या वरच्या बाजूला बोट ठेवत त्या म्हणाल्या. तिथे लॅकरच्या पॉलिशमध्ये उथळ खळगा होता. "वाजवून झालं की बाबा अंगठा इथेच टेकवून गप्पा मारायचे. घामानं पॉलिश मऊ पडलं आणि ठसाच बसला. लहानपणी मी आणि दादा त्यात अंगठा मावतो का बघायचो."

तिनं त्या जागेचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले.

दोन दिवसांनी, ब्रश पुसत असताना तिची नजर हटली ती जेमतेम मिनिटभर. दहा महिन्यांची लेक रांगत आली, बाकाला धरून उभी राहिली आणि त्या जुन्या गिटारीला चक्क ठशापाशीच तोंड लावलं. तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि हाताला लागलं ते फडकं घेऊन गिटारीवरची लाळ खसाखसा पुसली. दिसेल ते पुसायची तिला सवयच लागली होती. ते ब्रश पुसायचं फडकं होतं; पॉलिश विरघळवणाऱ्या थिनरचा वास आला तेव्हा उशीर झाला होता. ठशाच्या जागी गुळगुळीत, चिकट डाग उरला होता.

नवऱ्याला सांगितलं नाही. फोटो समोर ठेवून तिनं लॅकरचे हात दिले, ते सुकत आले तसा स्वतःचा अंगठा दाबला आणि कडा घासून मळवल्या. मग नव्या गिटारीवरही तसाच ठसा केला.

"जुनी कुठली आणि नवी कुठली, मलाच कळेना!" नवरा म्हणाला. ती हसली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

ठरल्या दिवशी नर्सबाई आल्या. जुन्या गिटारीवर अंगठा ठेवून डोळे मिटून उभ्या राहिल्या. "खरी दादाला देते," त्या म्हणाल्या. "शेवटी बाबांचं सगळं त्यानंच केलं, मी ड्यूटीवरच असायचे. बाबांचा अंगठा त्याच्याकडे राहू दे. मला नक्कल पुरे."

जे उरलंच नव्हतं, त्यावरचा हक्क ही बाई सोडत होती. तिला राहवेना. नवऱ्यासमोरच तिनं सगळं सांगून टाकलं. "तो अंगठा माझा आहे. दोन्हीवरचा."

नर्सबाईंनी अंगठा सावकाश उचलला. मग विचारलं, "पोरीच्या तोंडात थिनर गेलं नाही ना?"

"नाही."

"थिनर उंचावर ठेवत जा."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दुसरी पुन्हा फुकट करून देतो, सिस्टर," नवरा चाचरत म्हणाला.

"पुन्हा करून काय होणार?" त्यांनी दोन्ही पेट्या स्वतःच बंद केल्या. "फक्त दादाला कळू देऊ नका. फोन आला तरी नाही. गिटार घरी नेल्या नेल्या तो आधी तिथेच अंगठा ठेवेल."

"आणि तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी समोर बसेन. आणि मला माहीत असेल."

दोन हातांत दोन पेट्या घेऊन त्या जिना उतरू लागल्या. नवरा मदतीला धावला, तर मानेनंच नको म्हणाल्या. ती पोरीला घट्ट धरून दारात उभी होती. सांगितल्यावर आपण मोकळ्या होऊ असं तिला वाटलं होतं. तिनं फक्त ओझं दुसरीच्या डोक्यावर दिलं होतं, आणि त्या बाईचे दोन्ही हात तर आधीच भरलेले होते.